लिन्हारिसचा पूल आणि आपली खाडी



ही व्याख्यानमाला ज्या सरांच्या स्मरणार्थ चालते, त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. माझ्यासारख्या इतिहासवाल्याला त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर उभं केलंत, म्हणून विषय असा निवडला, ज्यात जमीन आणि पाणी आधी येतील आणि राजे नंतर. विषय आहे मध्ययुगीन दगडी पूल.

मीरा-भाईंदरमध्ये असा पूल आहे कुठे, असं तुम्ही विचाराल. नाही. एकही नाही. माझं आजचं बोलणं तिथूनच सुरू होतं. घोडबंदरला किल्ला आहे. उत्तन-डोंगरीच्या बाजूला, मराठी कागदपत्रांत ज्याला धारावी बेट म्हटलं जातं तिथे, चौकच्या टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आहेत. खाडीपलीकडे वसईचा कोट, त्यातली चर्चं, मठ, तट-बुरूज. 1534 साली गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 पर्यंत त्यांच्याकडे राहिली. दोनशे वर्षांची सत्ता, उत्तम काळा दगड, कुशल पाथरवट, शिंपल्यांचा चुना, आणि युरोपात शिकून आलेले बांधकामतज्ज्ञ. सगळं हाताशी होतं. तरीही भाईंदरहून पलीकडे जायचं तर होडीच. पूल झाला तो 1860च्या दशकात, रेल्वेसाठी, आणि तोही दगडाचा नव्हे, लोखंडाचा.

याच पोर्तुगीजांनी गोव्यात मात्र पणजी आणि रायबंदर यांच्यामध्ये, भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या चिखलातून, सव्वातीन किलोमीटरच्या आसपास लांबीचा दगडी पूल बांधला. पोन्ते द लिन्हारिस. साल 1633-34. त्या काळी आशियातल्या सर्वांत लांब पुलांत त्याची गणना होत असे. आज जवळजवळ चारशे वर्षांनी त्याच्यावरून वाहतूक चालते. तुमच्यापैकी अनेकजण गोव्याला गेला असाल, त्या रस्त्यावरून जुन्या गोव्याच्या चर्चकडे गेला असाल, आणि आपण पुलावरून चाललो आहोत हे कळलंही नसेल. दोष तुमचा नाही. तो पूल दिसतच नाही. रस्त्यावरून गेलं तर दोन्ही बाजूंना कठडा, एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि कांदळवन. पूल बघायचा तर खाली उतरावं लागतं, आणि ओहोटीच्या वेळी उतरावं लागतं.

तिथे जमलं ते इथे का जमलं नाही? आणि त्या पुलाकडून आज आपण, खाडीकाठच्या माणसांनी, काय घ्यायचं? या दोन प्रश्नांभोवतीच मी बोलणार आहे.

आधी तो काळ पाहू. मिगेल द नोरोन्हा, लिन्हारिसचा काउंट, 1629 मध्ये व्हाइसरॉय म्हणून गोव्यात आला आणि 1635 पर्यंत होता. पोर्तुगीज सत्तेचे हे सुगीचे दिवस नव्हते. डच समुद्रावर पाठीशी लागले होते, श्रीलंकेत 1630 साली पोर्तुगीज सैन्याचा मोठा पराभव होऊन सेनापती मारला गेला होता, तिजोरी रिकामी होत चालली होती. ज्या इंग्रजांशी इतकी वर्षं भांडण चाललं होतं त्यांच्याशी याच लिन्हारिसनं 1635 च्या आरंभी तह केला, कारण दोन शत्रू एकाच वेळी झेपत नव्हते. अशा टंचाईच्या काळात हा पूल उभा राहिला. राजधानी होती आजचं जुनं गोवें. पणजी तेव्हा शहर नव्हतं. आदिलशाहीच्या काळातला वाडा, काही घरं, आणि भोवती पाणथळ जमीन. समुद्रातून येणारी जहाजं आधी पणजीजवळ येत, नवा व्हाइसरॉय आला की काही दिवस त्याच वाड्यात उतरे. पण तिथून राजधानीला जायचं तर एक तर होडीनं, नाही तर डोंगराला वळसा घालून. पावसाळ्यात दोन्ही वाटा अवघड. लिन्हारिसच्या पुलानं ती अडचण संपवली. पुढे जुनं गोवें रोगराईनं ओस पडलं, अठराव्या शतकाच्या मध्यावर व्हाइसरॉयचं ठाणं पणजीला आलं, 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. हे स्थलांतर ज्या वाटेनं झालं ती वाट शतकभर आधीच बांधलेली होती.

आता पुलाची रचना. सगळ्या लांबीभर कमानी आहेत असं समजू नका. बराचसा भाग भरीव बांधासारखा आहे. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाच्या भिंती आणि मधे भराव. पण जिथे जिथे मांडवीचे फाटे आतल्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी येणाऱ्या सखल जमिनीत, शिरतात, तिथे तिथे बांध थांबतो आणि कमानी सुरू होतात. भरतीला पाणी या कमानींतून आत जातं, ओहोटीला बाहेर येतं. आतल्या मिठागरांना पाणी मिळतं, मासळीच्या पिलांना ये-जा करता येते, वरून पावसाचं पाणी आलं तर त्याला नदीकडे वाट असते. बांधणाऱ्यांनी पाणी कुठून जातं ते आधी पाहिलं आणि मग रस्ता आखला. मला या पुलातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. त्याच्या लांबीचं कौतुक नंतर.

इथे दगडी कमानीचं शास्त्र थोडक्यात सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. लांब फरशी दोन टेकूंवर ठेवून तिच्यावर वजन टाकलं तर ती खालच्या बाजूनं तडकते, कारण तिथे ताण पडतो. कमानीत हा ताण येऊच दिला जात नाही. प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटतो, रेटा कमानीच्या वळणानं खाली उतरतो आणि पायाशी तिरका होऊन बाहेर जातो. म्हणजे कमान नुसती खाली दाबत नाही, ती आपल्या दोन्ही पायांना बाजूला ढकलत असते. शेजारी दुसरी तेवढीच कमान असेल तर दोघींचे रेटे एकमेकांना तोलतात. शेवटच्या कमानीला मात्र भक्कम तटासारखा टेकू लागतो. बांधताना आधी लाकडी साचा उभारायचा, दोन्ही बाजूंनी दगड चढवत आणायचे, माथ्याचा दगड बसवायचा आणि मगच साचा काढायचा. साचा काढला की कमान थोडी बसते. चुना सावकाश धरतो, म्हणून तो ही हालचाल पोटात घेतो. बारीक भेगा पडल्या तर पाण्याबरोबर विरघळलेला चुना त्यांच्यात पुन्हा साकळतो आणि त्या बुजतात. सिमेंटला हे जमत नाही. जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंटचा लेप दिला की ओल आत कोंडते आणि दगड आतून सडायला लागतो. ही गोष्ट दुरुस्तीची कामं देणाऱ्या प्रत्येक कार्यालयात मोठ्या अक्षरांत लावायला हवी.

जांभ्याबद्दल एक शब्द. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो, आणि हवेत राहिला की कठीण होतो. पण तो सच्छिद्र आहे, पाणी पितो. म्हणून जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा लागतोच. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेचा गिलावा 1950च्या दशकात काढून टाकला गेला. लाल दगड उघडा पडला, लोकांना तो जुना आणि सुंदर वाटू लागला, आणि तेव्हापासून प्रत्येक पावसाळा त्या भिंती झिजवतो आहे. त्याच बॅसिलिकेच्या दर्शनी भागावरची कोरीव कामं काळ्या दगडाची आहेत. तो दगड गोव्याचा नाही, तो वसईचा आहे. वसईहून जहाजांत भरून शेकडो मैलांवर नेलेला. 1594 ते 1605 या काळात ते चर्च बांधलं जात होतं तेव्हा आपल्या या भागातला बेसाल्ट समुद्रमार्गे गोव्याला जात होता. आपल्या दगडानं गोव्याचं सर्वांत प्रसिद्ध चर्च सजलं, आणि आपल्या खाडीवर मात्र दगडाची एक कमानही चढली नाही. याचं कारण दगडाची टंचाई नव्हती, हे एवढ्यावरूनच सिद्ध होतं.

मग कारण काय?

पहिलं कारण पायाखालचं. दगडी पुलाचं आयुष्य त्याच्या कमानीत नसतं, पायात असतं. प्रतापगडाच्या पायथ्याशी पार गावाजवळ कोयनेवर शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा पूल आहे. काळ्या दगडाचा, आजही वापरातला. पावसाळ्यातल्या कोयनेचा वेग ज्यांनी पाहिला आहे त्यांना कळेल की ही साधी गोष्ट नाही. तो टिकला कारण त्याचे खांब सह्याद्रीच्या कातळावर बसले आहेत आणि वरच्या अंगाला टोकदार करून पाणी दुभंगेल असे घडवले आहेत. हैदराबादचा पुराना पूल 1578 चा, इब्राहिम कुतुबशहाच्या काळातला, बावीस कमानींचा. 1908 साली मुसीला भयानक पूर आला, शहर उद्ध्वस्त झालं, नदीवरचे नवे पूल वाहून गेले, हा उभा राहिला. तिथेही खाली खडक आहे, ग्रॅनाइटचा. छत्रपती संभाजीनगरला खाम नदीवर मकाई दरवाजा, बारापुल्ला, महमूद दरवाजा यांना जोडलेले दगडी पूल आहेत. त्या नदीलाही दख्खनचा दगडी तळ आहे. महाराष्ट्रातले जुने दगडी पूल शोधायला निघालात तर ते घाटाच्या वर सापडतील आणि घाटाच्या अगदी पायथ्याला सापडतील. खाडीच्या तोंडाशी सापडणार नाहीत, कारण तिथे कातळ चिखलाच्या खोल थराखाली गेलेला असतो.

चिखलात दगडी पूल बांधताच येत नाही असं नाही. व्हेनिसचा रिआल्तो पूल 1588 ते 1591 मध्ये बांधला तेव्हा दोन्ही टोकांखाली मिळून बारा हजार लाकडी खुंट ठोकले. सतत पाण्याखाली आणि चिखलात गाडलेलं लाकूड कुजत नाही, कारण तिथे हवा पोहोचत नाही. ओलं-सुकं, ओलं-सुकं झालं तरच ते जातं. पण रिआल्तो एका कालव्यावर एक कमान टाकतो. लिन्हारिसचा पूल उथळ पाणथळीतून जातो. आणि एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्या, तो मांडवी ओलांडत नाही. तो नदीच्या कडेकडेनं जातो. मुख्य पात्राला हात लावण्याचं धाडस पोर्तुगीजांनी तिथेही केलं नाही. साडेचारशे वर्षांच्या राज्यात मांडवीच्या खालच्या पात्रावर त्यांनी पूल बांधला नाही. तो झाला गोवा मुक्त झाल्यावर, 1970 मध्ये.

आता आपली खाडी बघा. उल्हास नदी ठाण्याच्या उत्तरेला दोन वाटांना लागते, तिचा पश्चिमेचा फाटा घोडबंदरवरून भाईंदर आणि वसईच्या मधून समुद्राला मिळतो. भाईंदरजवळ पात्र एक किलोमीटरहून रुंद, मधे पाणजू बेट. तळाशी गाळ. त्यात भरती-ओहोटीचा प्रश्न. गोव्यात उधाणाच्या दिवशी पाणी दोन-सव्वादोन मीटर चढतं-उतरतं. मुंबईच्या किनाऱ्यावर हाच फरक पाच मीटरच्या आसपास जातो. एवढं पाणी सहा तासांत आत शिरायचं आणि सहा तासांत बाहेर पडायचं, म्हणजे ओढ केवढी असेल. वसईच्या कोळ्यांना हे सांगावं लागत नाही. त्या ओढीत गाळावर दगडी खांब उभा केला तर पाणी आधी खांबाला धडकणार नाही, ते त्याच्या बुडाशी भोवरा करून गाळ उपसत राहील. जगभर जुने दगडी पूल बहुतेक असेच गेले आहेत. वरून सगळं ठणठणीत दिसतं, आणि पायाखालची जमीन गेलेली असते.

दुसरं कारण जहाजांचं. कल्याण हे जुनं बंदर. भिवंडी, कल्याण, ठाणे यांचा माल, लाकूड, धान्य खाडीतूनच जायचं. दगडी कमानी पुरेशा उंच आणि रुंद केल्या तर खर्च आणि रेटा दोन्ही वाढतात, आणि ठेंगण्या केल्या तर गलबतांची डोलकाठी अडकते. तेव्हा खाडी हाच मोठा रस्ता होता. त्याच्यावर आडवा पूल म्हणजे तो रस्ता बंद करणं.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. साष्टी म्हणजे आपलं हे बेट, आणि त्याच्याभोवतीची खाडी हा पोर्तुगीजांचा खंदक होता. घोडबंदरचा किल्ला, धारावीचा किल्ला, ठाण्याचे बुरूज, हे सगळे पाण्याच्या पाळतीवर बांधलेले. कोण ओलांडतो ते बघायचं आणि अडवायचं. आपल्या खंदकावर पूल कोण बांधतो? त्यांची भीती खरी होती हे 1737 च्या मार्चअखेरीस कळलं. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठे ठाण्याची खाडी ओलांडून साष्टीत उतरले, तेव्हा ठाण्याचा किल्ला अजून अर्धवटच होता. घोडबंदरही त्याच वर्षी मराठ्यांकडे आलं. धारावीसाठी मात्र फार रक्त सांडलं. ते बेट हातचं गेलं, पुन्हा झुंजावं लागलं आणि शेवटी मार्च 1739 मध्ये मराठ्यांनी ते कायमचं घेतलं. मे महिन्यात वसई पडली. वसईच्या वेढ्याची कथा सगळ्यांना ठाऊक असते, धारावीची इथल्या शाळांमधूनही नीट सांगितली जात नाही. खाडीचं तोंड ज्याच्या हाती त्याच्या हाती वसईची रसद, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं. उत्तनला राहणाऱ्या मुलांना तरी हे माहीत असावं.

मराठ्यांकडे साष्टी 1774 च्या अखेरीपर्यंत होती. त्यांनीही पूल बांधला नाही. कारणं तीच.

मग रेल्वे आली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे सुरतेकडून खाली उतरली आणि नोव्हेंबर 1864 मध्ये ग्रँट रोडला पोहोचली. तिच्यासाठी वसईची खाडी ओलांडली गेली. कंपनीचे इंजिनिअर कर्नल जॉन पिट केनेडी यांनी दगडी खांबांचा नाद सोडला आणि लोखंडी मळसूत्री खांब वापरले. खांबाच्या टोकाला रुंद पातं, ते फिरवत फिरवत गाळात खोल उतरवायचं. पातं रुंद असल्यामुळे मऊ गाळातही ते भार पेलतं आणि उपसून निघत नाही. ही युक्ती बेलफास्टच्या अलेक्झांडर मिचेल या अंध इंजिनिअरची, 1833 च्या पेटंटची. भरतीच्या वाळूत दीपगृहं उभारण्यासाठी ती आधी वापरली गेली. दृष्टी गेलेल्या माणसानं हातानं चाचपून सोडवलेला हा प्रश्न. शतकानुशतकं दगडाला जे जमलं नव्हतं ते त्याच्या युक्तीनं भाईंदरच्या गाळात करून दाखवलं. याच केनेडींनी भडोचजवळ नर्मदेवरही अशाच खांबांचा पूल बांधला होता. तिथे पुरांनी त्याला वारंवार इजा केली आणि 1881 मध्ये दुसरा पूल उभारावा लागला. म्हणजे कुठलीही युक्ती सगळ्या पाण्यांना लागू पडत नाही. प्रत्येक पाण्याची ओढ, प्रत्येक तळाची माती वेगळी विचारात घ्यावी लागते.

आता मी लिन्हारिसच्या कमानींकडे परत येतो, कारण आपल्या शहराचा प्रश्न तिथे आहे.

पूल दोन प्रकारे बांधता येतो. एक पाण्याला वाट देऊन, दुसरा पाण्याला रोखून. लंडनचा जुना पूल 1176 ते 1209 या काळात थेम्सवर बांधला. एकोणीस कमानी, पण खांब आणि खांबांभोवतीची संरक्षक बेटं इतकी जाड की नदीचं बरंचसं पात्र बंदच झालं. भरती-ओहोटीच्या वेळी पुलाच्या दोन बाजूंच्या पाण्यात माणसाच्या उंचीइतका फरक पडे आणि कमानीखालून होडी नेताना माणसं बुडत. तो पूल सहाशे वर्षं टिकला आणि सहाशे वर्षं नदीला त्रास देत राहिला. 1831 मध्ये नवा पूल झाल्यावर तो पाडला.

आपल्याकडे मुंबई आणि साष्टी जोडताना काय झालं? शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला. माहीमचा 1840च्या दशकात. माहीमच्या बांधासाठी जमशेदजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, पथकर घेऊ नये या अटीवर. होड्या उलटून माणसं मरत होती, त्या बाईंनी पदरचा पैसा घातला. त्यांच्याबद्दल मनात आदरच आहे. पण बांध, भराव, पुन्हा बांध, पुन्हा भराव असं दीडशे वर्षं होत गेलं, मिठी नदीचं तोंड आवळत गेलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा त्या आवळलेल्या वाटेनं पाणी जाईना. माधवराव चितळे समितीनं पुढे मिठीचा सविस्तर अभ्यास केला. त्या दिवशी मीरा-भाईंदरमध्येही घराघरांत पाणी होतं, हे इथे बसलेल्या पन्नाशीपुढच्या कोणालाही सांगायला नको.

आपलं शहर 1985 मध्ये नगरपरिषद झालं, 2002 मध्ये महानगरपालिका. त्याआधी इथे होती मिठागरं, खाजणं, भातशेती, कोळ्यांची, आगऱ्यांची आणि ख्रिस्ती बांधवांची गावं. या लोकांना पाण्याचं व्यवस्थापन पक्कं ठाऊक होतं. खाजणाला बांध घातला की त्यात उघाडी ठेवायची, भरतीला झडप मिटायची आणि ओहोटीला उघडायची. मिठागरात पाणी किती दिवस घ्यायचं आणि कधी सोडायचं हे आगऱ्याच्या अंगवळणी पडलेलं. त्या ज्ञानावर आपण माती टाकली. खाडीचा फाटा दिसला की त्यात भराव, वर रस्ता, आणि पाण्यासाठी खाली एखादा नळ. तो नळ हिरवळ, प्लास्टिक आणि गाळ यांनी दोन पावसांत बुजतो. लिन्हारिसच्या माणसांकडे संगणक नव्हता, उपग्रहाचं चित्र नव्हतं. तरी त्यांनी प्रत्येक फाट्याला त्याची कमान दिली. आपल्याकडे सगळं आहे, आणि आपण फाट्याला नळ देतो. याला प्रगती म्हणायला माझं मन तयार नाही.

देखभालीचं शेवटी सांगतो. 1970 मध्ये मांडवीवर जो पहिला पूल झाला, तो 1986 च्या जुलैमध्ये कोसळला. सोळा वर्षांत. आतल्या पोलादी तारा खाऱ्या हवेनं गंजल्या होत्या, आणि तो गंज वरून दिसत नव्हता. त्याच्या पणजीकडच्या टोकाजवळूनच साडेतीनशे वर्षांचा दगडी पूल सुरू होत होता आणि तो वाहतूक पेलत होता. यावरून दगड श्रेष्ठ आणि काँक्रीट वाईट असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी बस आणि इतर गाड्या गेल्या. त्या बसमध्ये माणसं होती, घरी जाणारी. दगड असो की काँक्रीट, पाण्याखालच्या भागाची पाहणी झाली नाही तर पूल विश्वासघात करतो. वरून रंग लावणं आणि कठड्यावर दिवे सोडणं ही देखभाल नव्हे. पाणबुडे उतरवून पाया तपासणं, भिंतीत उगवलेली पिंपळाची रोपं मुळासकट काढणं, चुन्याच्या जागी चुनाच वापरणं, आणि कमानी मोकळ्या ठेवणं, ही देखभाल.

घोडबंदरजवळ खाडीवर 2023 मध्ये नवा पूल वाहतुकीला खुला झाला. पुढेही रस्ते होतील, खाडीवरून होतील, खाजणांवरून होतील. ते होऊ नयेत असं मी म्हणणार नाही. लोकलमधून लोंबकळत जाणाऱ्या माणसाला रस्ता हवा, नायगावच्या पलीकडून इस्पितळ गाठणाऱ्या बाईला रस्ता हवा. पण तुम्हा श्रोत्यांना, आणि विशेषतः मागच्या रांगांत बसलेल्या विद्यार्थ्यांना, माझी एक विनंती आहे. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ओहोटीच्या वेळा बघून आपापल्या परिसरातले खाडीचे फाटे पायी फिरून नोंदवा. कुठे पाणी अजून आत येतं, कुठे पूर्वी येत असे, कुठे मोरी आहे, तिची रुंदी किती, ती मोकळी आहे की बुजलेली. राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, उत्तन, काशी, पेणकरपाडा, चेणे, वर्सोवे इथल्या जुन्या माणसांना विचारा, त्यांना सगळं आठवतं. ती नोंद नकाशावर उतरवा आणि त्याची एक प्रत महानगरपालिकेत रीतसर पोच घेऊन द्या. मग खाजणावरून नवा रस्ता मंजुरीला येईल तेव्हा सुनावणीला जा, तुमचा नकाशा पुढे ठेवा आणि प्रत्येक फाट्याला कमान कुठे आहे ते विचारा.